भिजावे, पण गारठू नये
डोंगरवाटेवरील पावसाळी विजारीची परीक्षा

नाशिककराला पाऊस दोन प्रकारांनी भेटतो. शहरात वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. एखादे दिवशी छत्री घरी राहिली तरी फारसे बिघडत नाही. पण मुंबईच्या रस्त्याने ४५ किलोमीटर गेले की इगतपुरी लागते, आणि तेथे हाच आकडा ३,००० च्या वर जातो. सह्याद्रीची भिंत ढगांना अडवते, त्यांच्याजवळचे पाणी घाटमाथ्यावर उतरवून घेते आणि उरलेसुरले आपल्याकडे पाठवते. म्हणून ज्याला खरा पाऊस हवा असतो, तो पश्चिमेची वाट धरतो. श्रावणातल्या कोणत्याही रविवारी पहाटे त्र्यंबकची किंवा घोटीची गाडी पाहावी. पाठीला पिशव्या लावलेली तरुण मुलेमुली तीत दाटीवाटीने उभी असतात.

या पिशव्यांत अलीकडे एक नवी वस्तू आली आहे. ती म्हणजे पावसाळी विजार. घडी केली तर ओंजळीत मावते, वजनाला पाव किलोच्या आतबाहेर, आणि किंमत मात्र काही शे रुपयांपासून कित्येक हजारांपर्यंत. त्यामुळे घरोघरी एक संवाद ऐकू येतो. आई म्हणते, “अरे, पावसात जायचे ते भिजायलाच ना? मग विजारीपायी इतके पैसे कशाला?” चिरंजीव म्हणतात, “अगं आई, थेंबसुद्धा आत येत नाही, असे तिच्यावर छापले आहे!” दोघांचेही म्हणणे निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे शोधावे, म्हणून आम्ही पाच भटक्यांनी यंदाच्या पावसाळ्यात तीन तऱ्हेच्या विजारी डोंगरावर नेल्या.

पाठ झाकलेली, पाय उघडे

आपल्याकडे पावसात पाय झाकण्याची रीत मुळी नव्हतीच, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. इगतपुरी-त्र्यंबकच्या पट्ट्यात भाताची आवणी चाले तेव्हा बाया-माणसे डोक्यावरून इरले घेत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यावर पळसासारखी रुंद पाने. वाकलेल्या माणसाची पाठ त्याखाली झाकली जाई, पुढची बाजू मोकळी राही आणि वारा खेळता राही. गुराख्याच्या डोक्यावर घोंगडीची खोळ असे. दख्खनी मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली ही घोंगडी पाणी काही काळ अडवते आणि भिजली तरी ऊब सोडत नाही. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतके बाष्प पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. पाय मात्र गुडघ्यापर्यंत उघडे. धोतर वर खोचलेले, लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला. ओले झालेले पाय चालता चालता वाळत.

आता इरल्यांची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे. निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून पंढरीला निघते, तेव्हा वारकऱ्यांच्या डोक्यावरही हाच कागद दिसतो. तऱ्हा मात्र जुनीच आहे. वरून झाकलेले आणि खालून मोकळे.

थंड मुलखाची पाहुणी

पावसाळी विजार आली ती थंड पावसाच्या देशांतून. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने नॅफ्थ्यात विरघळवलेले रबर कापडाच्या दोन थरांमध्ये घालून जलाभेद्य कापड बनवले. ते थंडीत कडक होई, उन्हात चिकटे आणि त्याला वासही येई. पुढे गंधक घालून रबर पक्के करण्याची युक्ती निघाली, तेव्हा ही पीडा टळली. आपल्या देशात १९२० साली सुरेंद्रमोहन बोस यांनी कलकत्त्यात याच उद्योगाचा पाया घातला. ‘डकबॅक’ हे नाव कितीतरी घरांत रेनकोटाचेच दुसरे नाव होऊन बसले.

परंतु रबर बाहेरचे पाणी अडवते तसा आतला घामही अडवते. यावर तोडगा निघाला १९६९ साली. अमेरिकेतील बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ तापवून झटक्याने ताणला, तेव्हा त्याचे अतिसूक्ष्म छिद्रांचे पातळ पटल तयार झाले. पाण्याचा थेंब त्या छिद्रांतून शिरू शकत नाही. बाष्प मात्र बाहेर पडते. त्यालाच पुढे ‘गोरटेक्स’ हे नाव मिळाले.

आज बाजारात मुख्यतः तीन जाती दिसतात. पहिली, स्कूटरवाल्यांची जाड प्लॅस्टिकची. दुसरी, आतून लेप दिलेल्या पातळ नायलॉनची. तिसरी, पटलाची, म्हणजेच ‘श्वास घेणारी’. आम्ही तिन्ही घेतल्या.

तीन डोंगर

पद्धत साधी ठेवली. एकाच चढावर एकाने विजार घालायची, दुसऱ्याने गुडघ्यापर्यंतची पातळ चड्डी, आणि वर पोहोचल्यावर दोघांची तुलना करायची.

अंजनेरीच्या चढावर प्लॅस्टिकची विजार अर्ध्या तासात हरली. बाहेरून पाणी आले नाही हे खरे, पण आत घामाच्या धारा लागल्या. गुडघा वाकवताना कापड मांडीला चिकटे आणि पाऊल उचलणे जड जाई. लेपाच्या नायलॉनने थोडा अधिक वेळ दम धरला. पटलाची विजार सर्वांत महाग. तीही पाऊण तासाने आतून दमट झाली. चड्डीवाला तेवढ्यात दोनदा भिजला होता आणि एकदा वाळला होता!

महाग विजार का हरली? तिचे पटल बाष्प बाहेर टाकते ते आतल्या आणि बाहेरच्या बाष्पाच्या फरकावर. हवा जितकी उबदार, तितके तिच्यात बाष्प अधिक मावते. ८ अंशांच्या पूर्ण भरलेल्या हवेत जितके बाष्प असते, त्याच्या सव्वादोनपटीहून अधिक ते २२ अंशांच्या भरलेल्या हवेत असते. स्कॉटलंडच्या गार पावसात बाहेर जागा मोकळी असते. आषाढातल्या अंजनेरीवर बाहेरची हवाच आधी भरलेली. घामाने जायचे कुठे? त्यातच विजारीचे बाहेरचे कापड भिजून चिंब झाले की उरलेली वाटही बहुतेक बंद होते. चढावर माणसाला तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज येतो. तेवढा सगळा उपसण्याचे बळ कोणत्याच पटलात नाही.

ब्रह्मगिरीच्या वाटेवर दुसरी गोष्ट कळली. करवंदीच्या जाळीतून जाताना पातळ नायलॉनला दोन ठिकाणी काट्यांनी भोके पडली. उतारावर शेवाळलेल्या दगडांवरून काही जण बसून घसरत उतरतात, तेव्हा तर हे कापड वैरीच ठरते. ओले नायलॉन ओल्या गवतावर थांबत नाही; सुती कापडाने जो अटकाव होतो तो येथे नाही. हरिहरसारख्या उभ्या कोरीव पायऱ्यांवर विजारीची लांब टोके टाचेखाली आली तर काय होईल, ते सांगायला नको. अशा जागी विजार काढून ठेवावी किंवा टोके घट्ट बांधावी.

चालताना पिशवीत, थांबल्यावर अंगावर

मग विजार निरुपयोगी ठरली काय? या प्रश्नाचे उत्तर कळसूबाईवर मिळाले. १,६४६ मीटरचे हे महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर. हजार मीटर वर गेले की हवा पाच-सहा अंशांनी गार होते, आणि माथ्यावरचा पावसाळी वारा तर अंगातली ऊब अक्षरशः ओरबाडून नेतो. रविवारी लोखंडी शिड्यांपाशी रांग लागते. चढताना घामाघूम झालेली मुले तेथे वाऱ्यात उभी राहतात. बहुतेकांच्या अंगात सुती जीन्स असते. ती पाणी पिऊन जड होते, वाळत नाही आणि ऊब धरत नाही. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते, हे शाळेत शिकलेले तेथे मांड्यांना कळते.

रांगेत आम्ही विजारी चढवल्या, आणि पाच-सात मिनिटांत फरक जाणवला. आत पाय ओलेच होते, पण वारा थांबला होता. अंगाने तापवलेले आतले पाणी आतच राहिले. चड्डीवाल्या सोबत्याचे दात वाजू लागले, तेव्हा त्यानेही आपली विजार काढून घातली. या वस्तूचे खरे काम हेच आहे. ती कोरडे ठेवण्यासाठी नाही, गारठू न देण्यासाठी आहे. चालताना ती पिशवीत असावी आणि थांबल्यावर अंगावर. रांगेत, माथ्यावर, जेवायला बसताना, कोणाचा पाय मुरगळून सर्वांना थांबावे लागले तर, आणि रात्री मुक्कामी, असे तिचे प्रसंग आहेत.

हे आईवडिलांनी नीट समजून घेण्याजोगे आहे. गारठा बर्फातच लागतो असे नाही. २० अंशांच्या पावसातही ओले अंग आणि वारा मिळून तो लागू शकतो. प्रथम हुडहुडी भरते, मग बोटे बधिर होऊन गाठ सुटेनाशी होते, जीभ जड होते, पाऊल अडखळते. हुडहुडी थांबूनही माणूस सुस्त झाला, तर स्थिती गंभीर समजावी. त्याला तत्काळ आडोशाला न्यावे, ओले कपडे काढून कोरडे घालावे, शुद्धीवर असेल तर गोड गरम पेय द्यावे आणि मदत बोलवावी. मद्य मुळीच देऊ नये.

घेताना काय पाहावे

विजारीवर १०,००० असा आकडा असतो. कापड दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सोसते, असा त्याचा अर्थ. साध्या पावसाला दीड हजारही पुरतात. पण ओल्या दगडावर बसले किंवा गुडघा टेकला की दाब पुष्कळ वाढतो, म्हणून मोठा आकडा बरा. शिवण आतून पट्टी लावून बंद केलेली असावी, कारण पाणी आधी सुईच्या भोकांतून शिरते. पोटरीपाशी लांब चेन हवी, म्हणजे बूट न काढता विजार चढवता येते. चिखलात एका पायावर उभे राहण्याची कसरत ज्याने केली आहे, त्याला तिची किंमत कळेल. माप एक अंगुळ सैलच घ्यावे.

घरी परीक्षा सोपी आहे. गरम पाण्याच्या पेल्यावर कापड ताणून धरावे आणि वर कोरडा काचेचा पेला पालथा ठेवावा. वरच्या पेल्यावर वाफ धरली तर कापड श्वास घेते. नव्या कापडावर पाणी अळवाच्या पानासारखे गोळा होऊन ओघळते. हा गुण हळूहळू कमी होतो, म्हणून धुताना कापड मऊ करणारे द्रव वापरू नयेत. ओली घडी कपाटात ठेवली तर आपल्या दमट हवेत लेपाचे पापुद्रे निघतात. दसऱ्याला शस्त्रे पुजतो, तशी ही विजार त्याच सुमारास धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून ठेवावी.

आणि ज्यांना इतका खर्च नको, त्यांनीही मन छोटे करू नये. जीन्सऐवजी पातळ, लवकर वाळणारी विजार, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला कोरड्या कपड्यांचा एक जोड, एक लोकरी टोपी, थोडी चिक्की आणि वारा अडवणारी स्वस्तातली नायलॉनची विजार, एवढ्यावर नाशिकच्या डोंगरांवर पावसाळ्याची दिवसाची भटकंती निर्धास्त होते. त्या आईने चिरंजीवांना पैसे द्यावेत की नाही, हे घरोघरच्या खिशाने ठरवावे. पण कोरडा जोड पिशवीत आहे ना, हे मात्र तिने निघताना जरूर पाहावे.