पाय सुन्न पडतात तेव्हा

"पाय सुन पडते जी मॅडम. चप्पल कधी पायातून निघून गेली, समजतच नाही."

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मोहर्लीत आठवड्यातून एक दिवस मी रुग्ण पाहायला बसते. आगरझरी, मुधोली अशा ताडोबाच्या बफरमधल्या गावांतून माणसं येतात. ताप-खोकल्याची तक्रार मोठ्याने सांगणारा माणूस पायाच्या सुन्नपणाबद्दल मात्र हळू आवाजात, दाराकडे बघत बोलतो. आमच्या जिल्ह्यात सुन्नपणा म्हटलं की मनात पहिलं नाव कुष्ठरोगाचं येतं. बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन सुरू केलं, हजारो माणसं तिथे ताठ मानेने उभी राहिली. कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात आणि ती रोग बरा करतात. तरीही भीती गेलेली नाही. त्या भीतीपोटी माणसं वर्ष-वर्ष गप्प राहतात आणि दुकानातून 'ताकदीच्या गोळ्या' आणून खातात.

कुष्ठाची शंका मीही घेते, घ्यायलाच हवी. त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा आहे का, त्या चट्ट्यावर स्पर्श कळतो का, कोपराच्या मागची नस जाड लागते का, हे आधी पाहते. कुष्ठातला बधिरपणा बहुधा तुकड्यातुकड्याने येतो, एका हाताला आहे तर दुसऱ्याला नाही. जीवनसत्त्वांच्या कमतरतेतला सुन्नपणा दोन्ही पायांच्या बोटांपासून सारखाच सुरू होतो आणि मोजे चढवावेत तसा वर सरकतो.

गेल्या पावसाळ्यात साठीची एक बाई आली होती. तिच्या अंगावर चट्टा नव्हता, नसा जाड नव्हत्या. मी ट्यूनिंग फोर्क हातावर आपटून त्याचं बूड तिच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवलं. हा साधा पोलादी काटा सेकंदाला १२८ वेळा थरथरतो. "काही कळतं का?" "गार लोखंड लागलं." थरथर मात्र तिला कळत नव्हती. घोट्यावर टेकवला, तरी नाही. गुडघ्यावर टेकवल्यावर ती दचकली आणि म्हणाली, "इथं गुणगुणते." मग पाय जुळवून उभं केलं. डोळे उघडे होते तोवर ठीक होती, मिटल्याबरोबर झुकली, सुनेने धरलं म्हणून पडली नाही. तोंड धुताना आणि रात्री अंधारात बाहेर जाताना तोल जातो, हे तिने त्यानंतर सांगितलं. आपले पाय नेमके कुठे आहेत ही खबर मेंदूला नसा देतात. ती खबर थांबली की माणूस डोळ्यांच्या भरवशावर चालतो, आणि अंधारात तो भरवसाही उरत नाही. पहाटे मोह वेचायला जाणाऱ्या, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या माणसाला पायात मोडलेला काटा कळला नाही तर जखम चिघळेपर्यंत पत्ता लागत नाही.

तिला मी विचारलं, खाण्यात काय असतं? भात, वरण, भाजी. मासे? अंडी? "माळ घातली नं मी. चार वर्सं झाली." दूध? घरात चहा काळाच होतो.

माळ घातली की मांस-मासे-अंडी बंद. उत्तर त्या चार वर्षांत होतं. बी-१२ हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करत नाही. ते जिवाणू बनवतात आणि आपल्यापर्यंत दूध, अंडी, मासे, मटण, कलेजी यांतून पोचतं. शरीर त्याचा साठा यकृतात ठेवतं आणि तो काही वर्षं पुरतो. म्हणून आज मांसाहार सोडला तर उद्या काही होत नाही. साठा संपेपर्यंत माणूस आपण काय सोडलं हे विसरून गेलेला असतो. बी-१२ कमी पडलं की नसांभोवतीचं मायलिन नावाचं चरबीचं वेष्टन नीट बनत नाही, झिजतं. पायांच्या लांब नसांना आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूच्या मागच्या व बाजूच्या पट्ट्यांना त्याचा फटका बसतो. आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग तोल, फार उशीर झाला तर पायांत ताठरपणा, विसरभोळेपणा, चिडचिड.

जंगलातली माणसं मांसाहारी, त्यांना कसली बी-१२ची कमतरता, असं शहरातले डॉक्टरही म्हणतात. हे मला पटत नाही. मांसाहारी असणं आणि मांस ताटात पडणं यांत फार अंतर आहे. तळ्यातले मासे मोसमात मिळतात, कोंबडं सणाला कापतात. माडिया आदिवासी घरांत तर गाईचं दूध वासराचं म्हणून काढायची रीतच नव्हती. शहरातली स्थिती वेगळी नाही. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचे आकडे प्रसिद्ध केले. सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी निघालं, आणि शहरी मध्यमवर्गात ते प्रमाण सगळ्यांत जास्त होतं.

माझ्या भागात एक गोष्ट फार जपावी लागते. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण खूप आहेत आणि त्यांना रोज फॉलिक ॲसिडची गोळी दिली जाते. ती योग्यच आहे, कारण त्यांच्या रक्तपेशी लवकर तुटतात आणि नव्या पेशी बनवायला फोलेट लागतं. फोलेटचा शोध आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणी कामगार वस्तीतल्या गरोदर बायांना जीवघेणा पंडुरोग होत होता. यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात, हे तिने १९३१ साली मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फोलेट म्हणून ओळखला गेला, आणि आज गरोदरपणात मिळणाऱ्या गोळीचं मूळ तिथे आहे.

पण १९४० च्या दशकात डॉक्टरांना एक कडू अनुभव आला. बी-१२ अभावी पंडुरोग झालेल्यांना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं, तर रक्त सुधारलं, गाल लाल झाले, आणि नसा मात्र आतून बिघडतच गेल्या. रक्त बनवण्यात फोलेट बी-१२ची उणीव काही काळ झाकतं, नसांमध्ये झाकू शकत नाही. म्हणून सिकलसेलचा किंवा गरोदर रुग्ण "मुंग्या येतात" म्हणाला, तर हिमोग्लोबिन बरं आहे एवढ्यावर मी त्याला घरी पाठवत नाही. रक्ताचा नमुना बी-१२साठी चंद्रपूरला पाठवते.

बी कुटुंबातली इतर जीवनसत्त्वं आपापल्या वाटेने नसांपर्यंत येतात. बी-१ म्हणजे थायमिन तांदळाच्या कोंड्यात असतं. जावा बेटावर डच डॉक्टर क्रिस्तिआन एइकमान यांनी १८९० च्या दशकात पाहिलं की कोंडा काढलेला पांढरा भात खाणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंड्याने त्या उठून चालतात. माणसांतल्या तशाच आजाराला बेरीबेरी म्हणतात. आमचा मुलूख धानाचा. घरी कांडलेल्या तांदळाला थोडा कोंडा राहत असे, उकडा करताना थायमिन दाण्याच्या आत शिरत असे. आता राइस मिलचा पांढराशुभ्र तांदूळ आणि वर फेकलेलं भाताचं पाणी.

तरी आज इथे थायमिन खरं संपवते ती दारू. मोहफूल हे अन्न आहे, त्याचं मला वावडं नाही. पण रोज दारू पिणारा जेवतो कमी, आणि जे खातो त्यातलं थायमिन दारूमुळे अंगी लागत नाही. असा माणूस डळमळत, बरळत, नजर स्थिर ठेवता न येता आला, की घरचे सांगतात, "सलाईन लावा." साखरेचं सलाईन आधी आणि थायमिन नंतर असा क्रम झाला, तर उरलंसुरलं थायमिन साखर जाळण्यात संपतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आधी थायमिनची सुई. घरच्यांनी दारूची गोष्ट लपवली नाही, तर हा क्रम चुकत नाही.

क्षयरोगाच्या उपचारातलं आयसोनियाझिड शरीरातलं बी-६ कमी करतं. त्यासोबत दिलेली पायरिडॉक्सिनची छोटी गोळी 'ही कशाला' म्हणून टाकून देऊ नये. उलट बी-६ मोठ्या मात्रेत महिनोन्‌महिने घेतलं, तर तेही नसा बिघडवतं. मधुमेहाचं मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२चं शोषण घटतं. मधुमेहाने स्वतःही पाय सुन्न होतात. म्हणून 'शुगरचंच आहे' म्हणून विषय संपवू नये. धानानंतर इथे पेरल्या जाणाऱ्या लाखोळीचा प्रकारही निराळा आहे. ती डाळ मुख्य अन्न म्हणून महिनोन्‌महिने खाल्ली तर तिच्यातल्या विषाने पाय ताठ होतात, चाल कात्रीसारखी होते. पण स्पर्श शाबूत राहतो. तिथे जीवनसत्त्वं देऊन पाय मोकळे होत नाहीत.

दुकानातल्या लाल-पिवळ्या कॅप्सूलबद्दल मला म्हणूनच राग आहे. 'बी कॉम्प्लेक्स' लिहिलेल्या कित्येक गोळ्यांत बी-१२ नसतंच किंवा नावापुरतं असतं. सुन्नपणा कुष्ठाचा आहे, दारूचा आहे की माळेनंतरच्या ताटाचा, हे त्या गोळीला कळत नाही. महिने मात्र निघून जातात.

रेशनवर आलेल्या फोर्टिफाइड तांदळाचंही लोक विचारतात. त्यात शंभराला एक या प्रमाणात तांदळाच्या पिठाचे दाणे मिसळतात. त्यांत लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ असतं. पाण्यात ते तरंगतात, म्हणून बाया 'प्लास्टिकचा तांदूळ' समजून निवडून फेकतात. फेकू नका, ते अन्नच आहे. पण किलोभर तांदळात बी-१२ जेमतेम एक मायक्रोग्रॅमच्या आसपास, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. आधीच रिकामा झालेला साठा त्याने भरत नाही.

माळ घातलेल्या त्या बाईचं बी-१२ फारच कमी आलं. इंजेक्शन द्यायचं ठरलं, तेव्हा तिने विचारलं, "हे कोणत्या जनावराचं आहे?" मी सांगितलं, कारखान्यात मोठ्या टाक्यांत जिवाणू वाढवून हे बनवतात, जनावराचा संबंध नाही. मग तिने दंड पुढे केला. पहिले काही दिवस एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला एक हजार मायक्रोग्रॅम. ज्यांना सुई नको, त्यांना तेवढ्याच ताकदीची रोजची गोळीही बहुतेक वेळा चालते. सुनेने चहात दूध घालायला सुरुवात केली, सासूबाई ताकही घेऊ लागल्या. हिवाळ्यापर्यंत तोल सावरला. घोट्यावर ट्यूनिंग फोर्कची थरथर आता तिला कळते, अंगठ्यावर अजून कळत नाही. नस महिनोन्‌महिने भरते, आणि उशीर झालेल्या टोकाला काही उणीव राहूनही जाते. ते तिला मी स्पष्ट सांगितलं आहे, आणि बाहेर जाताना बूट घालायलाही.