आठ वारांचा थाट, एका दिवसाचं भाडं

स्कॉटलंडमधल्या एखाद्या लग्नाचा ग्रुप फोटो बघा. नवरदेव, त्याचे मित्र, दोन्हीकडचे वडील, सगळे किल्टमध्ये! गुडघ्यापर्यंत चौकड्यांचा किल्ट, वर आखूड काळं जॅकेट, कमरेखाली स्पोरन नावाची चामडी थैली, पायांत जाड लोकरी मोजे. एकदम फिल्मी. आता जरा निरखून बघा. सगळ्यांच्या चौकड्या अगदी सारख्या आहेत? मग हा थाट बहुतेक भाड्याचा. लग्न आटोपलं की दुकानात परत.

त्यात कमीपणा काहीच नाही. आपल्याकडेही एका रिसेप्शनसाठी शेरवानी भाड्यानेच आणतात की! हिशेब सरळ आहे. हाताने शिवलेला किल्ट, जॅकेट, बूट, स्पोरन असं सगळं घ्यायचं तर बिल हजार पौंडांच्या घरात सहज जातं. भाड्याने तोच सेट साधारण त्याच्या दहाव्या हिश्श्यात मिळतो. मग उरलेल्या नऊ हिश्शांत नेमकं मिळतं काय?

खरी गंमत पाठीमागे

उत्तर किल्टच्या मागच्या बाजूला आहे. पुढून किल्ट सपाट, मागे मात्र चुण्याच चुण्या. चांगल्या किल्टला आठ वार लोकरी कापड लागतं. हो, नऊवारीतलाच वार! चुण्या अशा घालतात की चौकड्यांचं डिझाइन मागेही न तुटता जुळून यावं. प्रत्येक चुणी हाताने शिवलेली असते आणि अख्ख्या किल्टमागे काही दिवस जातात. या कापडाला वजन असतं, म्हणून चालताना किल्ट नुसता फडफडत नाही, लयीत झुलतो.

भाड्याचा किल्ट अनेकांच्या अंगाला बसावा लागतो. त्यामुळे बऱ्याचदा कापड कमी, हलकं किंवा मिश्र धाग्याचं आणि पट्टे भरपूर मागेपुढे होणारे. निवडही दुकानात असलेल्या चौकड्यांपुरतीच. याउलट स्वतःचा किल्ट तुमच्या मापाचा. पोट सुटलं की बकल सरकवायचं! नीट जपला तर तो एका पिढीत संपत नाही. म्हणूनच अनेक घरांत अठराव्या किंवा एकविसाव्या वाढदिवसाला मुलाला किल्ट भेट देतात, नाहीतर आजोबांचाच त्याच्या मापाचा करून घेतात.

'ट्रॅडिशनल' म्हणजे कधीचं?

भाड्याचा किल्ट नकली आणि विकतचा अस्सल, असं मात्र समजू नका. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हायलँडचे लोक न शिवलेलं लांबच लांब कापड अंगाभोवती गुंडाळून कमरेला पट्टा बांधायचे. शिवलेला आखूड किल्ट त्यानंतरचा. आज रेडिमेड नऊवारीवर नाक मुरडणाऱ्या आत्यांनी हे जरूर वाचावं!

1746 मध्ये कलोडनच्या लढाईत बंड मोडल्यावर ब्रिटिश सरकारने कायदा करून हा पोशाखच बंद केला. सैन्यातल्या हायलँड पलटणींना तेवढी सूट होती. बंदी उठली 1782 मध्ये. मग 1822 मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिनबराला आला. सोहळ्याची सूत्रं लेखक वॉल्टर स्कॉटच्या हातात होती. राजाने किल्ट घातला, तोही गुलाबी तंग विजारीवर! पोशाखाचं बिल तेराशे पौंडांहून जास्त आणि त्या दौऱ्यात तो अंगावर चढला एकदाच. विकत घेतलेला, पण वापर भाड्याच्या कपड्यासारखा. पोशाख आपला होतो तो पुन्हा पुन्हा घातल्यावर, पावती फाडल्यावर नाही.

मग काय करायचं?

एकच लग्न असेल, तर बिनधास्त भाड्याने घ्या. स्कॉटिश नसलात तरी घालायला कायद्याची आडकाठी नाही. ब्लॅक वॉचसारखी चौकडी कुणीही घालतं. तिकडेच स्थायिक झालात आणि लग्नं, 25 जानेवारीची बर्न्स सपर, रग्बीच्या मॅचेस असं दरवर्षी चालणार असेल, तर किल्ट स्वतःचा घ्या आणि जॅकेट हवं तेव्हा भाड्याने आणा. नवा परवडत नसेल, तर जुना लोकरी किल्ट बघा. टाळायचाच असेल, तर पर्यटकांच्या गल्लीतला वीस-तीस पौंडांचा अ‍ॅक्रिलिक किल्ट टाळा. तो धड भाड्याचा नाही, धड आयुष्यभराचा नाही.

यात एक पोटापाण्याचा मुद्दाही आहे. हाताने किल्ट शिवण्याची कला आता ब्रिटनमधल्या धोक्यात आलेल्या हस्तकलांमध्ये मोजली जाते. सगळ्यांनीच कायम भाड्याने घेतलं, तर त्या चुण्या घालायला शिकणार कोण?

भाड्याचा किल्ट, पण ऐटीत!

• किल्ट जीन्ससारखा कमरेखाली नाही, बेंबीच्या पातळीवर बांधा. खालची कड गुडघ्याच्या मध्यावर यायला हवी.
• चुण्या मागे, सपाट भाग पुढे. घाईत उलटा घालणारे दरवर्षी सापडतात!
• किल्टपिन फक्त वरच्या पदराला लावा. दोन्ही पदर एकत्र टाचले, तर किल्ट नीट झुलत नाही आणि कापडही फाटतं.
• वेस्टकोट घातलात तर पट्टा नको.
• ट्रायल लग्नाच्या आधी घ्या आणि दुकानातच एकदा खाली बसून बघा. बसताना मागच्या चुण्या हाताने सारख्या करायच्या. नऊवारी नेसणाऱ्या आजीला हे सांगावं लागत नाही!