सूर्य दिवसा, मोटार रात्री

सूर्य सकाळी दारात येतो आणि सायंकाळी निघून जातो. घरची मोटार सकाळी निघून जाते आणि सायंकाळी दारात येते. छपरावरच्या सौर विजेवर मोटार चालवू इच्छिणाऱ्या गृहस्थापुढचा खरा प्रश्न एवढाच आहे. पॅनेल बाजारात मिळतात, विजेच्या मोटारी मिळतात, सरकारी साहाय्यही मिळते. परंतु या दोघांची भेट मात्र घरातल्या माणसांनाच घालून द्यावी लागते.

गुजरातेत स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांना सौर विजेचे नवल उरलेले नाही. बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर पॅनेलांचे छत घालून उभारलेला १० मेगावॅटचा प्रकल्प जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाला. सूर्यमंदिरासाठी विख्यात असलेले मोढेरा हे चोवीस तास सौर विजेवर चालणारे देशातील पहिले गाव म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये घोषित झाले. कालव्यावरून आणि गावावरून ही विद्या आता आपल्या गच्चीवर आली आहे.

प्रथम हिशेब पाहू. आपल्या भागात १ किलोवॅटचा संच निरभ्र दिवशी साधारणपणे ४ युनिट वीज देतो आणि त्यासाठी सुमारे १०० चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. मध्यम आकाराची विजेची मोटार एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते. रोजची धाव ४० किलोमीटरची असेल, तर चार्ज करताना वाया जाणारा अंश धरून सुमारे ७ युनिट लागतील. ३ किलोवॅटचा संच १२ युनिट देईल. उरलेल्या पाचांत दिवे, पंखे आणि फ्रीज निभावतील. घरात एअरकंडिशनर असेल तर मात्र हा संच अपुरा पडेल. आषाढ-श्रावणात हे बारा युनिट हाती येत नाहीत, हेही ध्यानी ठेवावे. उलट वैशाखाच्या कडक उन्हात वीज भरपूर मिळेल अशी समजूत असते. परंतु पॅनेल तापले की त्याची कार्यक्षमता थोडी घटते. त्याला प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे.

आता रात्रीचे काय? येथे नेट मीटर उपयोगी पडतो. दिवसा आपल्या वापराहून अधिक झालेली वीज तारांतून बाहेर जाते व आपल्या नावे जमा होते. रात्री मोटारीने घेतलेली वीज त्यातून वजा होते. जमेची शिल्लक उरलीच, तर वीज कंपनी तिला जो दर देते तो आपण मोजतो त्या दराहून पुष्कळ कमी असतो. शिल्लक पुढे नेण्याचे नियम राज्याराज्यांत निरनिराळे आहेत. म्हणून विकण्यासाठी नव्हे, तर घरी वापरण्यापुरताच संच घेणे शहाणपणाचे.

परंतु वहीतली जमा आणि कोठारातले धान्य यांत फरक आहे. दुपारी आपण दिलेली वीज त्याच क्षणी शेजारीपाजारी वापरली जाते. ती रात्रीसाठी साठून राहत नाही. रात्री आपली मोटार जी वीज पिते ती त्या घटकेला कुठल्या तरी वीज केंद्रात तयार होत असते, आणि आपल्या देशात तिचा फार मोठा भाग अद्याप कोळशापासून येतो. बिलावर शून्य दिसले म्हणून मोटार सूर्यावर चालली असे म्हणता येणार नाही.

तेव्हा जमेल तेवढे चार्जिंग दुपारी करावे. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर ७ युनिट भरण्यास अडीच-तीन तास पुरतात. निवृत्त वडीलधाऱ्यांच्या घरी, किंवा मोटार सकाळी मुलांना शाळेत सोडून परत येते अशा घरी, ही भेट सहज जमते. नोकरदाराने निदान सुटीच्या दिवसाची दुपार साधावी. मोटार रोज भरलीच पाहिजे असे नाही. ३० युनिटांची बॅटरी तीन दिवस सहज पुरते. घरात विजेची स्कूटर असेल तर तिची तीन-चार युनिटांची भूक एका दुपारीच भागते. जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमदुरुस्तीत दिवसाच्या सौर तासांचा दर कमी आणि सायंकाळच्या गर्दीचा दर अधिक ठेवण्याची तरतूद आहे. पुढचा काळ दुपारी चार्ज करणाऱ्याच्या बाजूचा आहे.

दोन गोष्टी विक्रेते क्वचितच सांगतात. बाहेरची वीज गेली की बॅटरी नसलेला साधा सौर संच भर उन्हातही बंद पडतो. तारांवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी तशी योजनाच असते. दुसरी गोष्ट जुन्या घरांची. ज्या तारांवर आजवर पंखा आणि मिक्सर चालला, त्यांवर तासन्‌तास मोटार चार्ज करू नये. मीटरपासून स्वतंत्र जाड तार, स्वतंत्र एमसीबी, गळती ओळखणारा आरसीसीबी आणि तपासलेले अर्थिंग हवे. एक्स्टेन्शन बोर्ड तर कदापि नको.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेने ३ किलोवॅट व त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान ठरवले. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनीही निराश होऊ नये. याच योजनेत गृहनिर्माण सोसायट्यांच्या सामायिक सोयींसाठी, आणि त्यांत मोटारींचे चार्जिंगही आले, दर किलोवॅटला १८,००० रुपयांची तरतूद आहे. त्यासाठी सभेत ठराव मात्र करावा लागतो.

आणि खरी मेख तेथेच आहे. गच्ची ही कोणा एकाची नसते. तिच्यावर चैत्रात कुरडया वाळतात, उत्तरायणाला पतंग उडतात, उन्हाळ्यात अंथरुणे पडतात. ३०० चौरस फुटांवर एकदा पॅनेल बसले की ते पंचवीस वर्षे तेथे राहते. म्हणून कंत्राटदाराला बोलावण्यापूर्वी भावाभावांनी, जावाजावांनी, सोसायटीतल्या शेजाऱ्यांनी एकत्र बसावे. जागा कोणती द्यावी, बिलातला लाभ कसा वाटावा, पॅनेलवरची धूळ कोणी पुसावी आणि दुपारी मोटार कोणाची लावावी, हे कागदावर उतरवावे. ऊन फुकट मिळते; गच्ची मात्र परस्परांच्या संमतीनेच मिळते.