हरित कार्यालय : सही करण्यापूर्वी

हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरला 2003 साली 'लीड प्लॅटिनम' दर्जा मिळाला. त्यानंतर आपल्याकडे हरित कार्यालयांचा बोलबाला वाढला. वीज वाचवणे चांगलेच. उधळपट्टी आपल्या दीनमध्ये नापसंत आहे. परंतु आम्ही कापड घेताना पन्हा आणि पोत पाहतो, तसा हा सौदाही पारखून घ्यावा.

छतावरील सौर संच बहुधा ग्रीडला जोडलेला असतो. बाहेरची वीज गेली की लाइनवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये म्हणून त्याचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. म्हणजे भर उन्हात कार्यालयात अंधार! बॅटरी हवी तर तिचा खर्च वेगळा, आणि काही वर्षांनी ती बदलावीही लागते.

पॅनेलच्या वीजनिर्मितीची हमी साधारण 25 वर्षांची असते, इन्व्हर्टरची त्याहून बरीच कमी. हा दुसरा खर्च विक्रेता सहसा सांगत नाही.

गाळा भाड्याचा असेल तर छत मालकाचे आणि वीजबिल आपले. परवानगी लेखी घ्यावी. गाळा सोडताना संच कोणाचा, हेही ठरवावे.

2024 च्या पीएम सूर्यघर योजनेचे अनुदान घरांसाठी आहे, दुकान-कार्यालयांसाठी नाही. हप्त्याने घेताना रोख किंमत आधी विचारावी, म्हणजे दडलेले व्याज उघडे पडते.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकरामध्ये आहे. व्यापारी बंधूंनी तो इथेही पाळावा. नुकसान टळेल, इन्शाअल्लाह.