सळई वर की खाली?

भंडारा जिल्ह्यातील तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगेनीजच्या खाणी आहेत. या धातूचा मोठा वापर पोलाद बनवताना होतो. पोलादात गंधक उरले, तर तापलेल्या पोलादाच्या सळया ओढताना ते तडकते. मँगेनीज त्या गंधकाला बांधून ठेवते आणि पोलादाची ताकदही वाढवते. तेव्हा शाळेच्या स्लॅबसाठी येणाऱ्या सळयांमध्ये मँगेनीज असतेच. परंतु सळई कितीही चांगली असली, तरी ती चुकीच्या जागी बसवली तर वाया जाते. असे का?

एक खडू घ्या. दोन्ही टोकांकडून दाबला तर तो सहसा मोडत नाही. वाकवला की लगेच तुटतो. काँक्रीटचेही असेच आहे. ते दाब चांगला सोसते, पण ताण सोसण्याची त्याची शक्ती सुमारे एक दशांशच असते. ती उणीव सळई भरून काढते. शिवाय तापल्यावर पोलाद आणि काँक्रीट जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात. त्यामुळे विदर्भाच्या उन्हातही त्यांची पकड सुटत नाही.

ताण नेमका कोठे पडतो? स्पंजच्या लांब पट्टीच्या बाजूवर उभ्या समांतर रेघा काढा. पट्टी दोन पुस्तकांवर टेकवून मधोमध दाबा. रेघा खालच्या बाजूस फाकतात, वरच्या बाजूस जवळ येतात. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबमध्ये म्हणूनच मुख्य सळया खाली असतात. आता पट्टीचे एक टोक टेबलावर दाबून धरा आणि बाहेरचे टोक खाली वाकवा. या वेळी रेघा वर फाकतात! हा झाला खिडकीवरचा छज्जा. येथे मुख्य सळया वरच हव्यात आणि त्या मागे तुळईत किंवा स्लॅबमध्ये पुरेशा खोल गेलेल्या हव्यात. काँक्रीट ओतताना त्यांवर पाय पडले तर त्या खाली दबतात. बाहेरून काहीच कळत नाही. सेंट्रिंग काढल्यावर मात्र छज्जा कोसळू शकतो.

खालच्या सळयाही थेट फळीवर टेकू नयेत. सिमेंटचे ठोकळे ठेवून स्लॅबमध्ये सुमारे २० आणि खांबात ४० मिलिमीटर आवरण राखतात. काँक्रीट अल्कधर्मी असल्याने सळईवर संरक्षक थर तयार होतो. आवरण कमी पडले तर ओल व हवा आत शिरते, सळई गंजते आणि फुगलेला गंज काँक्रीट फोडतो.

सळई निवडताना वजन पाहावे. व्यासाच्या (मिलिमीटरमध्ये) वर्गाला १६२ ने भागले की एक मीटर सळईचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. १२ मिलिमीटरची सळई सुमारे ०.८९ किलोग्रॅम भरते. वजन बरेच कमी भरले तर सळई बारीक आहे. १६२ हा आकडा पोलादाच्या घनतेवरून, म्हणजे दर घनमीटरला ७८५० किलोग्रॅमवरून, कसा येतो, ते विद्यार्थ्यांनी काढून पाहावे.

गावात बांधकाम चालू असेल, तर मिस्त्रींना विचारून काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी वर्ग तेथे न्या. छज्जाच्या सळया वर आहेत की खाली, हे त्याच दिवशी पाहता येते आणि चूक असल्यास सुधारताही येते.