गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत

जंताच्या गोळीचा दिवस जाहीर झाला की गावात कुजबुज सुरू होते. आमच्या पोराला गरज नाही, गोळीने चक्कर येते, सरकारी औषध आहे, काय भरवसा? काही पालक त्या दिवशी मुलाला शाळेतच पाठवत नाहीत. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून पाळला जातो. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट या त्याच्या ठरलेल्या तारखा. स्थानिक सोयीने त्या मागेपुढे होतात. १ ते १९ वर्षांच्या मुलांना शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते. गोंदियासारख्या धानाच्या जिल्ह्यात तिच्याबद्दलचे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज : गूळ-साखर खाल्ली की जंत होतात. मूल झोपेत दात खाते म्हणजे पोटात जंत आहेत.

वस्तुस्थिती : जंत गोडातून येत नाहीत, मातीतून येतात. जंत असलेल्या माणसाने उघड्यावर शौच केले की अंडी जमिनीत मिसळतात. तिथे गोल जंताची अंडी दोन-तीन आठवड्यांत पिकतात आणि न धुतलेल्या हातांतून, नखांतून, कच्च्या भाजीतून पोटात जातात. अंकुशकृमीची तऱ्हा वेगळी. त्याच्या अळ्या ओल्या मातीत वाट बघतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून थेट आत शिरतात. तिथून रक्तावाटे फुप्फुसात, मग घशात, आणि गिळल्या गेल्या की आतड्यात. रोवणीच्या दिवसांत बांधीत आणि धुऱ्यावर अनवाणी फिरणाऱ्या पोरांना धोका आहे तो इथे. दात खाण्याला इतर कारणे असतात. त्यावरून जंतांचे निदान होत नाही.

गैरसमज : माझे मूल ठणठणीत आहे, मग गोळी कशाला?

वस्तुस्थिती : थोडे जंत असलेले मूल बहुधा ठणठणीतच दिसते. पण गोल जंताची एक मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते. म्हणजे वरून धडधाकट दिसणारे मूलही गावची माती दूषित करत राहते. प्रत्येक मुलाची शौचतपासणी करणे गोळीपेक्षा कितीतरी महाग आणि किचकट. म्हणूनच जिथे जंतांचे प्रमाण २० टक्क्यांच्या वर आहे तिथे सगळ्या मुलांना वर्षातून एकदा, आणि ५० टक्क्यांच्या वर असेल तर दोनदा, तपासणीशिवाय गोळी द्यावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही गोळी एकट्यादुकट्यासाठी नसून अख्ख्या वर्गासाठी असते. निम्म्यांनीच घेतली तर उरलेल्या निम्म्यांची अंडी पुन्हा सगळ्यांच्या पायाखाली येतात.

गैरसमज : गोळीने मुले आजारी पडतात.

वस्तुस्थिती : ज्यांच्या पोटात जंत जास्त त्यांना मळमळ, पोटदुखी, थोडी चक्कर येऊ शकते. जंत मरताना होणारा हा त्रास बहुतेकदा काही तासांत थांबतो. मुलाला सावलीत बसवावे, पाणी द्यावे, लक्ष ठेवावे. त्रास थांबला नाही तर आरोग्य केंद्रात न्यावे. आधीच तापाने फणफणलेल्या किंवा औषधोपचार चालू असलेल्या मुलाला त्या दिवशी गोळी देत नाहीत, नंतरच्या फेरीत देतात. मात्रा ठरलेली आहे : एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धी, म्हणजे २०० मिलिग्रॅम, त्यापुढे पूर्ण ४००. लहानग्यांना ती चुरून पाण्यातून द्यायची, कारण अख्खी गोळी घशात अडकू शकते. मोठ्यांनी चावून खायची. शिक्षकांनी गोळी मुलाच्या हाती देऊन घरी धाडायची नसते. समोर खायला लावायची, मग हजेरीपटात खूण करायची. घरी नेलेली गोळी दप्तरात नाहीतर फडताळावर पडून राहते, म्हणून हा नियम.

गैरसमज : मुलाचे रक्त कमी आहे म्हणजे ते पोटभर जेवत नाही.

वस्तुस्थिती : गोंदियात याची कारणे एकात एक गुंतलेली असतात. भाताने पोट भरते, लोह मात्र पुरेसे मिळत नाही. आतड्याला चिकटलेला एक अंकुशकृमी जातीप्रमाणे रोज एका थेंबाहून कमी ते तीन-चार थेंब रक्त खातो; असे शे-दोनशे असले तर हिशेब कुठे जाईल ते पाहा. हिवताप तांबड्या पेशी फोडतो. आणि पूर्व विदर्भात चौथे कारण असते, सिकलसेल हा रक्ताचा आजार.

सिकलसेल लागट नाही, तो आईवडिलांकडून येतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के. वाहक म्हणजे रोगी नव्हे; त्याला सहसा त्रास होत नाही, पण लग्नाआधी ही माहिती हवीच. त्यासाठी १ जुलै २०२३ ला शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली आणि बाधित भागांतल्या ४० वर्षांपर्यंतच्या सर्वांची तपासणी हे तिचे उद्दिष्ट आहे.

शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी, ५ ते ९ वर्षांसाठी गुलाबी आणि १० ते १९ साठी निळी, 'गरम पडते' म्हणून फेकू नये. जेवणानंतर घ्यावी, लगेच चहा पिऊ नये. शौच काळे होणे हा लोहाचा परिणाम आहे, आजार नाही. सिकलसेलग्रस्त मुलाला मात्र लोह डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावे, विशेषतः वारंवार रक्त चढवले जात असेल तर.

गैरसमज : गोळी खाल्ली की मूल हुशार होते.

वस्तुस्थिती : केनियातल्या बुसिया भागात ७५ शाळांमध्ये झालेला अभ्यास मिगेल आणि क्रेमर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. गोळीमुळे शाळेतली गैरहजेरी सुमारे एक चतुर्थांशाने घटली, पण परीक्षेतले गुण वाढले नाहीत. पुढे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्यांना वजन आणि रक्त यांवरचा सरासरी फायदा अगदी थोडा दिसला. सरासरीत जंत नसलेली मुलेही येतात, हे त्याचे एक कारण. ज्यांच्या पोटात जंतांचा भार मोठा, त्यांना फायदा होतो. गुणपत्रिकेचे वचन गोळीकडून मागू नये.

गैरसमज : शाळेतली तपासणी म्हणजे वजन-उंची आणि सही.

वस्तुस्थिती : बडोद्यात १९०९ सालीच शाळकरी मुलांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली होती. आजचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याचे फिरते पथक शाळेत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा येते. जन्मजात व्यंग, कमतरता, आजार आणि वाढीतले अडथळे शोधते. हृदयाला छिद्र, फाटलेला ओठ, कमी दिसणे, ऐकू न येणे असे आढळल्यास पुढचे उपचार, गरज असेल तर शस्त्रक्रियाही, मोफत होतात. म्हणून पथकाने दिलेली संदर्भ चिठ्ठी घरात पडू देऊ नका. सालेकसा किंवा देवरीच्या आडगावातून जिल्हा रुग्णालय गाठणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे, हे खरे. आशाताईंना विचारा, वाहनाची सोय होते का, ते त्या सांगतील.

गैरसमज : गोळी झाली, आता काळजी नाही.

वस्तुस्थिती : अल्बेंडाझोल पोटातले जंत मारते, मातीतली अंडी नाही. मूल पुन्हा त्याच धुऱ्यावर अनवाणी गेले, तर काही महिन्यांत पुन्हा जंत. चपला, कापलेली नखे, जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने धुतलेले हात, धुतलेली भाजी, आणि बांधलेल्या शौचालयाचा रोजचा वापर ही गोळीची दुसरी बाजू. बांधलेल्या शौचालयात सरपण रचलेले असेल, तर गावाने गोळीवर कितीही भरवसा ठेवला तरी त्याच जंतांना पुढच्या ऑगस्टमध्येही गोळी द्यावी लागणार.