गावची शाळा आणि तिचा खर्च

रायपूर शहरातील सदर बाजार सोन्याचांदीच्या पेढ्यांसाठी छत्तीसगढभर प्रसिद्ध आहे. धानाची कापणी आटोपून माल विकला गेला आणि लग्नसराई जवळ आली, की आसपासच्या तहसिलींतील शेतकरी कुटुंबे या बाजाराची वाट धरतात. वर्षभराचा खर्च भागून जे काही उरते, ते सुता, ऐंठी, करधन अशा दागिन्यांच्या रूपाने घरी जाते आणि अडचणीच्या वर्षी पुष्कळदा त्याच पेढ्यांवर परत येते. खेड्यात पिकलेली संपत्ती शहराच्या बाजारात वाहत यावी, ही गोष्ट कोठेही घडणारी आहे. परंतु या प्रवाहावर कर कोणी बसवावा आणि त्या कराचा पैसा कोणाच्या मुलांच्या शिक्षणासाठी खर्च व्हावा, हा प्रश्न तितका साधा नाही. रायपूर जिल्ह्यातील ग्रामीण शाळांचा शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरत आलेला आहे.

ब्रिटिश अमदानीत शहराची व्यवस्था नगरपालिकेकडे होती. शहराच्या वेशीवरील नाक्यांवर येणाऱ्या मालावर जकात घेतली जाई. तूप, कापड, गूळ, जे काही आत येई त्याच्याबरोबर नगरपालिकेचे उत्पन्नही वाढत असे. (मध्यप्रदेशात ही जकात १९७६ मध्ये रद्द झाली.) खेड्यांसाठी मात्र वेगळी संस्था होती. मध्यप्रांताच्या १८८३ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने जिल्हा कौन्सिले व त्यांच्या हाताखाली तहसीलवार लोकल बोर्डे स्थापन झाली. १९२० च्या नव्या कायद्याने त्यांना अधिक अधिकार दिले आणि त्याच वर्षीच्या प्राथमिक शिक्षण कायद्याने सक्तीचे शिक्षण सुरू करण्याची मुभाही दिली. या संस्थांच्या हाती स्वतःचे असे मुख्य उत्पन्न एकच होते : शेतसाऱ्यावरील उपकर. शेतसारा जमाबंदीच्या वेळी बरीच वर्षे पुरेल अशा रीतीने बांधून दिलेला असे. त्यामुळे भाव वाढले, लोकसंख्या वाढली, शाळेत येणारी मुले वाढली, तरी उपकर जेथल्या तेथेच राही. उरलेला खर्च सरकारी अनुदानावर चाले, आणि अनुदान देणारा अटीही घालणारच.

सक्तीची मुभा मिळूनही ती खेड्यात फारशी का उतरली नाही, याचे उत्तर या हिशेबातच आहे. सक्ती करावयाची म्हणजे शाळा, शिक्षक व पाट्या पुरवावयाच्या. त्यासाठी कर वाढवावयाचा. आणि तो कर ज्यांच्यावर पडणार त्या मालगुजारांचेच कौन्सिलात वजन असे.

मुलांची प्रगती कशी होती, याची कल्पना हारटोग समितीच्या १९२९ च्या अहवालावरून येते. समितीने देशभरातील आकडे तपासले. १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या दर शंभर मुलग्यांमागे १९२५-२६ साली चौथीत फक्त १८ उरले होते. बाकीचे एकतर शाळा सोडून गेले होते किंवा खालच्याच वर्गात अडकून पडले होते. समितीने यास ‘अपव्यय’ व ‘गतिरोध’ अशी नावे दिली. तिने काढलेला निष्कर्ष, की शाळा वाढविण्यापेक्षा आहेत त्या सुधाराव्यात, अनेकांना पटला नाही, आणि तो पटण्याजोगा नव्हताही. ज्या गावात शाळाच नाही तेथे सुधारावयाचे काय? पण आकडा खोटा नव्हता. धानाच्या मुलखात तर तो सहज समजतो. रोवणीच्या दिवसांत आणि कापणीच्या दिवसांत लहान हातांनाही काम असे. एकाच शिक्षकाकडे चार वर्ग असत. घरी छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातील हिंदी ही अर्धी ओळखीची, अर्धी परकी भाषा वाटे. असे मूल आषाढात आठ-पंधरा दिवस चुकले, की पुढचा धडा त्याच्या हातून सुटे आणि मग शाळाच सुटे.

सदर बाजारालगतच्या बूढापारा वस्तीत राहणारे वकील पंडित रविशंकर शुक्ल हे १९२७ पासून १९३६ पर्यंत रायपूर जिल्हा कौन्सिलाचे अध्यक्ष होते. त्याच वस्तीशी जोडलेली एक आठवण येथे सांगण्याजोगी आहे : पुढे विवेकानंद म्हणून विख्यात झालेला नरेंद्र १८७७ च्या सुमारास वडिलांबरोबर येथे येऊन राहिला, तेव्हा योग्य शाळा नसल्याने त्याचे शिक्षण वडिलांजवळ घरीच झाले, असे चरित्रकार सांगतात. शुक्ल स्वतः काही काळ शाळामास्तर होते. कौन्सिलाच्या शाळांतील शिक्षक हा जिल्ह्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचलेला एकमेव शिकलेला माणूस आहे, हे त्यांनी ओळखले. शिक्षकांच्या परिषदा भरू लागल्या, कौन्सिलाचे ‘उत्थान’ हे मासिक निघू लागले, शाळांतून वंदे मातरम् गायिले जाऊ लागले. गावाने निवडलेली संस्था शाळेत राष्ट्रीय भावना आणू शकते, हे यातून दिसले. पण शिक्षकाचा पगार वाढविणे तिला त्या प्रमाणात साधले नाही.

शुक्ल १९३७ मध्ये डॉ. ना. भा. खरे यांच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री झाले, तेव्हा या अनुभवातूनच त्यांनी ‘विद्यामंदिर’ योजना मांडली. कर वाढविता येत नाही आणि सरकारी तिजोरी रिकामी आहे. मग शाळेलाच जमीन द्यावी, असा तिचा गाभा होता. ज्या गावाच्या मैलभराच्या आत शाळा नाही आणि जेथे शाळेच्या वयाची सुमारे चाळीस मुलेमुली आहेत, तेथे दानात मिळालेल्या जमिनीवर विद्यामंदिर उभारावयाचे. जमीन इतकी असावी, की तिच्यापासून वर्षाला २०० रुपये निव्वळ उत्पन्न यावे. शिक्षकाने वीस वर्षे सेवेचा करार करावा. त्याला दरमहा १५ रुपये मिळावेत. देखरेख स्थानिक समितीने करावी. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी वर्धा येथे विद्यालय काढण्यात आले. त्याची कोनशिला २१ एप्रिल १९३८ रोजी महात्मा गांधींनी बसविली. पगार इतका तुटपुंजा असूनही उमेदवारांचे अर्ज जागांच्या अनेक पटींनी आले. त्या काळच्या सुशिक्षित बेकारीचे हे एक निदर्शक होते.

या योजनेचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. बारा महिन्यांचा पगार १८० रुपये. उरले २० रुपये. त्यांत इमारतीची डागडुजी, फळा, पाट्या आणि दुसरा काही प्रसंग निभवावयाचा. पाऊस वेळेवर आला तर हे कसेबसे जमेल. छत्तीसगढचे धान मात्र बहुतांशी आकाशातील पाण्यावर अवलंबून होते. महानदीच्या कालव्यांचे पाणी काही भागापुरतेच होते. एक वर्ष हुकले, की शेत पडीक आणि शिक्षक पगाराविना. शेतसाऱ्यावरील उपकर वाढत नव्हता हे खरे, पण तो निदान दरवर्षी येत होता. जमिनीच्या उत्पन्नावर चालणाऱ्या शाळेने दुष्काळाचा सारा धोका गावाच्या आणि शिक्षकाच्या अंगावर टाकला. शिवाय दान देणारा मालगुजार उत्तम जमीनच देईल, अशी हमी कोणी द्यावी?

नावावरूनही वाद उठला. ‘मंदिर’ या शब्दाला मुस्लिम लीगने तीव्र हरकत घेतली, आणि शाळेच्या खर्चाचा विचार मागे पडून तिच्या नावाची चर्चा देशभर गाजली. नोव्हेंबर १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. काही विद्यामंदिरे पुढे चालली, पण योजनेचा जोर ओसरला. आणि १९५१ मध्ये मालगुजारी नष्ट झाल्यावर ज्या दात्यावर तिची सारी भिस्त होती तो दाताच उरला नाही.

स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या सरकारने एक धाडसी प्रयोग केला. १९४८ च्या कायद्याने जिल्हा कौन्सिले व लोकल बोर्डे मोडून प्रत्येक तहसिलीसाठी एक ‘जनपद सभा’ स्थापन झाली. पंडित द्वारकाप्रसाद मिश्र हे या योजनेचे प्रणेते. जिल्हा हा लोकांपासून फार दूर आणि गाव फार लहान, म्हणून तहसील हेच स्थानिक कारभाराचे योग्य माप, असा त्यांचा विचार होता. प्राथमिक शाळा सभेकडे आल्या, आणि सभेचा मुख्य कार्यपालन अधिकारी सरकारी राहिला. पैशाचा प्रश्न मात्र जुनाच होता. तहसील लहान, तिचा उपकर लहान. गरीब तहसिलीची सभा आपल्या शाळांना श्रीमंत तहसिलीइतके देऊ शकत नसे. शिक्षकाला पगार उशिरा मिळणे आणि बदलीसाठी सभासदाची मर्जी राखावी लागणे, या दोन तक्रारी स्थानिक कारभाराला कोठेही चिकटतात; येथेही त्या होत्या.

येथून मराठी वाचकाला विशेष महत्त्वाचा असा फाटा फुटतो. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने एकाच कायद्याखालील जनपद सभा दोन राज्यांत विभागल्या. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात व नंतर महाराष्ट्रात आले. रायपूर मध्यप्रदेशात गेले. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीचा सल्ला मानून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा स्थापन केल्या. शाळा निवडून आलेल्या संस्थेकडेच राहिल्या, पण संस्थेचे माप तहसिलीहून मोठे झाले आणि शिक्षकांच्या वेतनाचा भार राज्याच्या अनुदानाने उचलला. मध्यप्रदेशाने १९६३ मध्ये जनपद सभांच्या प्राथमिक शाळा आपल्या शिक्षण खात्याकडे घेतल्या. शिक्षकांनी त्याचे स्वागत केले, कारण पगार निश्चित झाला. गावाचा शाळेवरील हक्क मात्र त्याच आदेशाने संपला. कोणता मार्ग सरस ठरला, याचा निवाडा दिसतो तितका सोपा नाही. ज्याच्या हाती पगार त्याच्याच हाती अखेर निर्णय जातो, हे महाराष्ट्रातही दिसून आले. २०१७ पासून जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्या राज्याच्या धोरणानुसार संगणकाद्वारे होऊ लागल्या.

मध्यप्रदेशाने पुढे पुन्हा दिशा बदलली. पंचायत राज्याच्या नव्या कायद्यानंतर १९९० च्या दशकात नियमित शिक्षकांऐवजी पंचायतींमार्फत ‘शिक्षाकर्मी’ नेमण्यात येऊ लागले. १ जानेवारी १९९७ पासून ‘शिक्षा गारंटी योजना’ आली : एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीत चाळीस मुले असली, आदिवासी भागात पंचवीस, तर ग्रामस्थांनी मागणी केल्यापासून ९० दिवसांत सरकारने ‘गुरुजी’चे मानधन द्यावयाचे. मानधन दरमहा ५०० रुपये होते. चाळीस मुले, जवळपास शाळा नसलेली वस्ती, गावाने दिलेली जागा आणि नियमित शिक्षकापेक्षा पुष्कळ कमी वेतन घेणारा माणूस; साठ वर्षांपूर्वीच्या विद्यामंदिराची आठवण व्हावी इतके हे साम्य आहे. शाळा थोड्याच काळात हजारो वस्त्यांत पोहोचल्या, हे या योजनेचे यश नाकारता येत नाही. त्या यशाची किंमत कमी वेतनाच्या शिक्षकाने मोजली.

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले आणि रायपूर राजधानी. शिक्षाकर्मींची आंदोलने बरीच वर्षे चालली. अखेर १ जुलै २०१८ पासून आठ वर्षे सेवा झालेल्यांना शिक्षण खात्यात सामावून घेण्यास प्रारंभ झाला. १९६३ प्रमाणेच पुन्हा एकदा पगाराच्या निश्चितीसाठी शिक्षकाने पंचायत सोडून खाते पत्करले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेसाठी व्यवस्थापन समिती सांगितली आहे. तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्यात. ही समिती शाळेचा विकास आराखडा करते, किरकोळ अनुदान खर्च करते. शिक्षक नेमणे, ठेवणे वा मागणे तिच्या हाती नाही.

२०२५ मध्ये राज्य सरकारने शाळांचे ‘युक्तियुक्तकरण’ केले. त्यावेळी सहा हजारांहून अधिक प्राथमिक शाळा एकशिक्षकी होत्या, आणि शहरांत व त्यांच्या आसपास शिक्षक गरजेहून जास्त होते. एकूण १०,४६३ शाळांचे समायोजन ठरले. त्यांपैकी १०,२९७ एकाच आवारातील शाळा होत्या, १३३ ग्रामीण शाळा एक किलोमीटरच्या आतील दुसऱ्या शाळेत मिळावयाच्या होत्या आणि ३३ शहरी. आकडा मोठा दिसला तरी अंतर वाढणारी गावे त्यांत थोडी होती. शिक्षक संघटनांनी विरोध केला तो मुख्यतः पदे कमी होण्याच्या भीतीने. ज्या १३३ गावांची शाळा दुसरीकडे जावयाची होती, तेथील पालक समित्यांच्या संमतीवर हा निर्णय अवलंबून नव्हता. मुलांना पावसाळ्यात शेताच्या बांधावरून एक किलोमीटर जाता येते की नाही, हे मात्र त्यांनाच सर्वांत चांगले ठाऊक होते.